फूड ट्रक: अन्न नोंदणी झाली, पण गाडी उभी कुठे करायची?

प्रश्न
पुण्यात छोटा हत्ती घेऊन त्यावर थालीपीठ आणि पिठलं-भाकरी विकण्याचा माझा व माझ्या धाकट्या भावाचा विचार आहे. भाऊ पूर्णवेळ गाडीवर असेल. मी नोकरी सोडणार नाही. अन्नसुरक्षा नोंदणी ऑनलाइन होते असे समजले, परंतु तेवढ्यावर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येते का? गाडी विकत घेण्यापूर्वी कोणते परवाने कोणत्या क्रमाने घ्यावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1
नाही, करता येत नाही. एफएसएसएआयची (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी अन्नापुरती असते. जागेवर तिने कोणताही हक्क मिळत नाही, आणि बहुतेकांचे पैसे इथेच अडकतात. म्हणून आधी जागा ठरवा, मग गाडी घ्या.

सार्वजनिक रस्त्यावर विक्री करायची असेल तर 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीमार्फत मिळणारे विक्री प्रमाणपत्र लागते. ते देताना अर्जदाराकडून असे हमीपत्र घेतले जाते की व्यवसाय तो स्वतः किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्ती करील, उपजीविकेचे दुसरे साधन त्याला नाही आणि प्रमाणपत्र तो भाड्याने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे दुसऱ्याला देणार नाही. आपली नोकरी असल्याने अर्ज आपल्या नावाने करूच नका. भावाच्या नावाने करा. मोटार वाहनावरील विक्रीला आपल्या भागात परवानगी मिळते का, हे महापालिकेच्या अतिक्रमण विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

उत्तर 2
वरील मताशी सहमत. गाडीबाबत भर घालतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तिकेतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे मागच्या हौद्यावर स्वयंपाकाची केबिन बसवण्याआधी तिचा आराखडा आरटीओत दाखवून मंजुरी घ्यावी. केबिन बनवणारे फॅब्रिकेटर 'नंतर पासिंग करून देतो' म्हणतात, त्यावर विसंबू नये. वाहन व्यावसायिक नोंदणीचे असावे. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. विमा उतरवताना केबिनमधील बदल कंपनीला अवश्य कळवावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. एखाद्या कंपनीच्या आवारात किंवा खासगी मोकळ्या जागेत उभे राहिलो तर?

उत्तर 1
नवख्याने तोच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मालकाशी लेखी करार करा. त्यात वेळ, पाणी, वीज आणि सांडपाण्याची व्यवस्था नमूद करा. जागा खासगी असली तरी अन्न नोंदणी आणि अग्निसुरक्षेच्या अटी सुटत नाहीत.

उत्तर 3
अन्न नोंदणीसाठी एफएसएसएआयच्या फॉस्कॉस या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करावा. उलाढालीनुसार नोंदणी पुरते की राज्य परवाना लागतो, ते तिथेच तपासावे. पीठ मळणे, भाज्या चिरणे घरी होणार असेल तर त्या स्वयंपाकघराची नोंदणी स्वतंत्र करावी. मिळालेला 14 अंकी क्रमांक गाडीवर ठळक लावावा आणि बिलावरही छापावा. भावाची व मदतनिसाची वैद्यकीय तपासणी करून प्रमाणपत्रे गाडीतच ठेवावीत. पिण्याच्या पाण्याचा प्रयोगशाळेतील अहवालही सोबत असावा. गॅस मात्र 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरावा. घरगुती लाल सिलिंडर तपासणीत सापडल्यास तो जप्त होतोच, शिवाय कारवाई भावावर होईल, कारण सर्व कागद त्याच्या नावाचे असतील.