मदत हवी आहे : पासपोर्टमधील 'लेट' म्हणजे जाऊ देणे की अडवणे?

वडिलांचा पहिला पासपोर्ट गेल्या आठवड्यात घरी आला. चष्मा लावून त्यांनी तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला आणि राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीतील 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' या शब्दांपाशी ते थांबले. "लेट म्हणजे 'करू देणे' ना? मग 'जाऊ न देता जाऊ द्या' असे सरकार का म्हणते?" हा त्यांचा प्रश्न. तिथल्याच हिंदी मजकुरात 'बिना रोक-टोक' असल्यामुळे अर्थ उलगडला, पण शब्द उलगडला नाही.

कोश चाळल्यावर कळले ते असे, की जुन्या इंग्रजीत दोन निराळी क्रियापदे होती. 'लॅतन' म्हणजे सोडणे, होऊ देणे; आजचे नेहमीचे 'लेट' आणि इमारतींवरची 'टू लेट' पाटी त्याच घराण्यातली. 'लेत्तन' म्हणजे अडवणे, खोळंबा करणे. आपण 'गाडी लेट आहे' म्हणतो त्यातल्या 'लेट'चे ते जवळचे नातलग, कारण त्याचा मूळ अर्थ उशीर करवणे असा होता. पुढे दोन्हींचे उच्चार एक झाले. भुताच्या मागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा 'मला जो लेट करील त्याचेच भूत करीन' अशा अर्थाचे तो बोलतो. तेथे आजचा अर्थ घेतला, तर वाट मोकळी करून देणाऱ्यालाच तो मारायला निघाला आहे असे होईल! 1611 च्या इंग्रजी बायबलातही, यशयाच्या पुस्तकात, देवाच्या कार्याला 'कोण लेट करील' म्हणजे 'कोण अडवील' असा प्रयोग आहे. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून योग्य चौकटीत पडल्यावर जो 'लेट' पुकारतात, तोही बहुधा यातलाच.

आपल्याकडे 'पुरणे' म्हणजे जमिनीत गाडणे आणि 'पुरणे' म्हणजे पुरेसे होणे ही दोन्ही क्रियापदे सुखाने नांदतात. इंग्रजीतील जोडीचे अर्थ नेमके परस्परविरोधी असल्यामुळेच त्यातले एक मागे पडले असावे, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी कृपया सांगावे.

खरी अडचण मात्र भाषांतराची आहे. वडिलांना हे वाक्य मराठीत लिहून हवे आहे. 'विनाअडथळा' म्हटले की मूळची जोडी हरवते, 'हरकत' म्हटले की आक्षेपाची छटा येते आणि 'मज्जाव' थेट बंदीकडे झुकतो. 'आडकाठी वा खोळंबा न करता' इथवर मी आलो आहे. 'खोळंबा'मुळे मुळातला उशीर तरी शिल्लक राहतो. वडिलांना ते सरकारी वाटत नाही. पेशवाईतील दस्तकांत, म्हणजे प्रवासाच्या परवान्यांत, वाटेत कोणी अडवू नये हे सांगण्यासाठी कोणती शब्दयोजना करीत असत? मोडी कागदपत्रे वाचणाऱ्या कोणाकडे एखादा नमुना असल्यास तो मूळ शब्दांत येथे द्यावा, ही विनंती.