पाडलेल्या स्लॅबची खडी परत वापरायची का नाही?

शहापूरकर:
आमचं जुनं घर पाडलं. सळी भंगारवाल्यानं उचलली, सागवानी चौकटी तर भांडून नेल्या लोकांनी, पण काँक्रीटचा ढीग कुणालाच नको. टिप्परवाला म्हणतो "टाकतो की कुठंतरी", आता कुठंतरी म्हणजे आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचा काठ हे काय सांगायला पाहिजे? तेच फोडून खडी केली तर काय बिघडतंय? नव्या खडीसाठी डोंगर फोडालोयच की आपण.

वडगावचा मेस्त्री:
घर तुमचं, घाला. मी नाही घालणार. त्या खडीला जुना माल चिकटलेला असतो, नुसती पाणी पिते, माल कोरडा पडला की पोरगा वरनं बादली ओततो आणि उद्या स्लॅब गळाला की शिव्या मेस्त्रीला.

साईटवरचा इंजिनियर:
पाणी पिते हे खरं, म्हणून आदल्या दिवशी भिजवायची. आणि मेस्त्री, सगळी जुनीच घाला म्हणून कोण म्हणालंय? आयएस ३८३ मध्ये, म्हणजे खडी-वाळूच्या भारतीय मानकात, २०१६ पासून परवानगी आहे, आरसीसीत म्हणजे सळीच्या काँक्रीटमध्ये २० टक्के तेपण एम २५ ताकदीपर्यंतच, बिनसळीच्या साध्या काँक्रीटमध्ये २५, आणि पायाखालच्या बेडला, म्हणजे एम १५ पेक्षा कमी ताकदीच्या थराला, पूर्ण १०० टक्के चालते.

खानापूरवाला:
कागदावर सगळंच चालतंय ओ. दिल्लीत बुराडीला २००९ पासून मलब्याची खडी करायचा प्लांट आहे, पण तिथं मलबा किती आणि इथं किती! आपल्याकडं निम्मी जुनी घरं मातीच्या भिंतीची, वर कौलं. पाडल्यावर काँक्रीट निघतंय कुठं, तांबडी मातीच. डिझेल जाळून ती कुठं न्यायची?

नाल्याकाठचा शेतकरी:
माती असू दे नाहीतर काँक्रीट, नाल्यात नको. पाऊस लागला की आमच्या शिवारात पाणी तुंबतंय, भात कुजतंय. तुमचा २० टक्के-२५ टक्केचा हिशोब होईपर्यंत आमचं पीक गेलं.

शहापूरकर:
दादा, म्हणून तर विचारालोय. आमचा स्लॅब १९८८ चा, त्यात माती नाही. मेस्त्री, कॉलमचं सोडा, कंपाऊंडच्या पायाखालचं बेड तरी?

वडगावचा मेस्त्री:
बेडला बघू. पण पीओपी, टाइल्स, लाकडाचे तुकडे सगळं वेचून द्या. पीओपीनं पुढं सिमेंट फुगून तडकतंय, अनुभव आहे. एक तुकडा दिसला तर टिप्पर परत तुमच्या दारात खाली करीन.