गावातून सैनिकांसाठी वर्गणी गोळा करायची हाय, पैसा नेमका कुठं द्यावा?

खारपाणपट्टा_दर्यापूर:
रामराम मंडळी. आमचं गाव लहान, पण फौजेत पोरं बरीच हायेत. सीमेवर काही झालं की पारावर हमखास विषय निघते की आपुनही काही केलं पाह्यजे, अन् आठ दिवसांत सगळे विसरते. यंदा गणपती मंडळ अन् भजनी मंडळाच्या बाया दोघंही मनावर घेऊन बसले, कापसाचे चुकारे आले की घरामागं शंभर-दोनशे कोणीही देईन. आता अडलं कुठं तर पैसा द्यावा कोणाले? व्हॉट्सअॅपवर एक खाते नंबर फिरून राह्यला, म्हणते मंत्रिमंडळानं सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी खातं उघडलं, रोज एक रुपया टाका. एक जण म्हणते त्यातच टाकून मोकळे व्हा, दुसरा म्हणते कांबळं-बिस्किटाचा ट्रक भरून बॉर्डरवर नेऊ. अन् आमची अर्धी पोरं सीआरपीएफमधी हायेत, त्याईले यातून काही भेटते का? कोणाले माहीत असन तर सांगा बाप्पा.

रिटायर_हवालदार:
पहिले तो मेसेज डिलीट कर. जुनाच हाय तो. २०२५ च्या एप्रिलमधी, पहलगामच्या हल्ल्यानंतर, संरक्षण मंत्रालयानंच खुलासा केला होता की हा मेसेज दिशाभूल करणारा हाय अन् खात्याचा तपशीलही चुकीचा हाय, लोकाईचे पैसे जातच नव्हते.
ट्रकचं तर नावच काढू नको. जवानाले कांबळ अन् बिस्किट युनिटमधी भेटते, तुमचा ट्रक गेटवर कोण उतरवून घेईन? डिझेलचा पैसा जाईन तो वेगळाच.
सरळ रस्ता सांगतो. अमरावतीले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हाय, तिथं ध्वजदिन निधी घेतात. ७ डिसेंबरले शाळेत टाचणीनं खिशाले लावायचे कागदी झेंडे आठवते ना, तोच हा निधी, १९४९ पासून चालू हाय. लोकाईले वाटते हा पैसा बंदुकीले जाते. नाही जात. शहिदाचं घर, जखमी होऊन आलेला जवान अन् माजी सैनिक याईच्यासाठी हाय तो. माह्यासंगचे काही जण पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आधीच घरी आले, त्याईले पेन्शन नाही. अशा ६५ वर्षांवरच्या गरीब माजी सैनिकाले यातून महिन्याले ४,००० भेटत होते, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० केले. पोरीच्या लग्नाचे ५० हजार होते, ते १ लाख केले. तुह्या गावात असा एखादा म्हातारा असन तर वर्गणीच्या आधी त्याचा फॉर्म भरून दे, लय जण सांगतच नाहीत, लाजतात.

हिशेबवाली_ताई:
दादांनी सांगितलं ते बरोबर आहे, मी फक्त कागदाचं बोलते कारण आमच्या ऑफिसात हेच येतं रोज. मंडळ रजिस्टर नसेल तर गावात वर्गणी मागायच्या आधी धर्मादाय कार्यालयातून कलम ४१ क ची, म्हणजे वर्गणी गोळा करायची परवानगी घ्या, गणपतीला घेता तशीच. पण गणपतीसाठी घेतलेल्या परवानगीवर सैनिकांची वर्गणी चालवू नका, अर्जात कारण स्पष्ट लिहा. पावतीपुस्तक वेगळं छापा, नंबर टाकलेलं, अर्धी पावती पुस्तकातच राहील असं. आणि एक, मंडळाच्या नावानं एकच डीडी गेला तर पावती मंडळाचीच येणार, मग गुरुजी मार्चमध्ये टॅक्सच्या सुटीसाठी तुमच्या दारात उभे राहतील, म्हणून ज्यांना ती सूट पाहिजे त्यांनी आपल्या खात्यातून थेट भरावं. राष्ट्रीय संरक्षण निधीला (केंद्राचा, सैन्य आणि केंद्रीय दलं दोघांसाठीचा) दिलेल्या पैशावर १०० टक्के वजावट आहे, पण जुनी करप्रणाली घेतली असेल तरच, आणि २,००० च्या वर कॅश दिली तर तीही नाही.

जवानाची_भावजय:
सीआरपीएफचं मी सांगते, माझे दीर त्यातच आहेत. ध्वजदिन निधी म्हणजे आर्मी-नेव्ही-एअरफोर्सवाल्यांचा, सीआरपीएफसारख्या केंद्रीय दलांसाठी ‘भारत के वीर’ नावाचा निधी आहे, गृह मंत्रालयाचं, २०१७ ला सुरू झालं. त्यात शहीद जवानाच्या घरच्यांच्या खात्यात थेट टाकता येतात, एका घराला १५ लाखांची मर्यादा ठेवली आहे, नाहीतर टीव्हीवर दिसलं त्याच्याच घरी सगळे धाडतात अन् बाकीच्यांकडं कोणी पाहत नाही. दोघांनाही चालेल असं पाहिजे असेल तर राष्ट्रीय संरक्षण निधी. त्यातून जी प्रधानमंत्री शिष्यवृत्ती देतात (मुलीला महिन्याला ३,०००, मुलाला २,५००) त्यात २०१९ पासून नक्षली हल्ल्यात गेलेल्या पोलिसांची मुलंही घेतली. आमच्या गडचिरोलीकडं त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

कडू_कारलं:
सगळं ठीक, पण हिशेब?? कारगिलच्या वेळी आमच्याकडं एका मंडळानं बसस्टँडवर डबे फिरवले, लोकाईनं भरभरून टाकलं, पैसा कुठं गेला ते अजून कोणी सांगितलं नाही. माही आजी सांगे, १९६२ ले बायांनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या म्हणे, त्याच साली तो संरक्षण निधी निघाला. देणारा कमी पडत नाही भाऊ, मधातला माणूस खाते.

खारपाणपट्टा_दर्यापूर:
कारलं भाऊ कडू बोलला पण खरं बोलला. आता असं ठरते की फौजवाल्याईसाठी ध्वजदिन निधी अन् सीआरपीएफच्या पोरांकडं पाहून उरलेलं संरक्षण निधीत. डबा फिरवायचा नाही, घरोघरी पावती फाडायची. एकच भांडण बाकी हाय, मंडळाले धनादेश द्यायचा कार्यक्रम करायचा हाय, मंडप, साऊंड, आमदाराले हार, तो खर्च यातूनच काढू म्हणते.

रिटायर_हवालदार:
एक रुपया काढू देऊ नको त्यातून. हार घालायचा असन तर ज्याची हौस त्यानं खिशातून आणावा. दोन पंच अन् भजनी मंडळाची एक बाई, असे तिघं अमरावतीले एसटीनं जा, कार्यालयातून पावती घ्या अन् तिची झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा.

हिशेबवाली_ताई:
एसटीचं तिकीटसुद्धा स्वतःचं काढा 😄 आणि बोर्डावर पावतीच्या शेजारी देणाऱ्यांची यादी लावणार असाल तर रकमा लिहू नका, वीस रुपये देणारी म्हातारी पुढच्या वेळी दार उघडायची नाही.