रित्सुरिन की कोराकुएन? एका दिवसात जपानी बाग आणि त्या प्रदेशाचे खाणे

पाऊलवाट (प्रश्न)

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन हिरोशिमाहून ओसाकाला जायचे आहे आणि वाटेत एक पूर्ण दिवस मोकळा मिळतो आहे. त्या दिवशी एक पारंपरिक जपानी बाग निवांतपणे पाहावी आणि त्या प्रदेशाची ओळख असलेले पदार्थ चाखावेत, एवढाच बेत आहे. ओकायामाची कोराकुएन बाग शिनकानसेनच्या मार्गावरच आहे आणि केनरोकुएन व काइराकुएन यांच्याबरोबर ती जपानच्या तीन श्रेष्ठ बागांमध्ये गणली जाते, त्यामुळे पहिला कौल साहजिकच तिला मिळतो. मात्र चौकशी करताना ताकामात्सुच्या रित्सुरिन बागेचे नाव वारंवार पुढे येते आणि तिथे जायचे तर ओकायामाला गाडी बदलून, समुद्र ओलांडून शिकोकू बेटावर जावे लागते. एवढा वळसा घेणे योग्य ठरेल का?

दुसरा प्रश्न जेवणाचा. वडिलांना मासे आणि कोंबडी दोन्ही चालते. आई मात्र पूर्ण शाकाहारी आहे आणि अंडेही खात नाही. दोघांचीही साठी उलटली आहे. सपाट रस्त्यावर दोनेक तास चालणे त्यांना जमते, पण मोठे चढ टाळलेले बरे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

संथ लाटा

वळसा अवश्य घ्यावा, असे माझे मत आहे. ओकायामाहून ‘मरीन लायनर’ ही जलद गाडी 1988 साली सुरू झालेल्या सेतो महापुलावरून साधारण तासाभरात ताकामात्सुला पोचते. त्या पुलावरून दिसणारी लहान लहान बेटे हीसुद्धा प्रवासाची कमाईच आहे, तेव्हा आई-वडिलांना खिडकीजवळच्या जागा द्या.

आता बागेविषयी. तिची घडण इकोमा घराण्याच्या काळात, 1625 च्या सुमारास सुरू झाली. 1642 मध्ये मात्सुदाइरा योरिशिगे हा ताकामात्सुचा अधिपती झाला आणि त्याच्यापासून पाचव्या अधिपतीच्या कारकिर्दीत, 1745 साली, बाग पूर्ण झाल्याचे मानले जाते. शंभराहून अधिक वर्षे सावकाश वाढत गेलेल्या या बागेत सहा तळी आणि हाताने रचलेल्या तेरा टेकड्या आहेत. मागे उभा असलेला शिउन पर्वत धरून तिचा विस्तार सुमारे 75 हेक्टर भरतो, पण प्रत्यक्ष फिरण्याचा सपाट भाग साधारण 16 हेक्टरांचाच आहे, त्यामुळे आकडा पाहून घाबरू नये. पर्वत बागेच्या कुंपणाबाहेरचा न वाटता तिचाच शेवटचा पडदा वाटावा, अशा बेताने तळी आणि झाडे मांडलेली आहेत. कोणत्याही एका जागेवरून सगळी बाग दिसत नाही. वाट वळली की एक तळे झाडांआड जाते आणि दुसरे समोर येते. म्हणून इथे ठरावीक ठिकाणांची छायाचित्रे घेत धावण्यापेक्षा दक्षिण बागेची एक फेरी सलग आणि संथपणे पूर्ण करावी. तिला साधारण एक तास लागतो. उत्तर बाग नंतरच्या काळात नव्याने मांडलेली आहे. पाय दुखत असतील तर ती सोडली तरी चालेल.

हिराइहो ही छोटी टेकडी मात्र सोडू नका. चढ थोडाच आहे, आणि तिथून एन्गेत्सुक्यो हा कमानदार लाकडी पूल, त्यापलीकडचे दक्षिण तळे आणि मागचा पर्वत एकाच नजरेत येतात. वडीलधाऱ्यांना तेवढेही चढणे नको असेल, तर त्यांनी तळ्यातल्या होडीत बसावे. नावाडी काठीने होडी ढकलत सुमारे अर्धा तास फिरवतो. होडीत माणसे मोजकीच बसतात, त्यामुळे आत शिरल्याबरोबर आधी तिची तिकिटे काढावीत.

माझ्या मते या बागेचे खरे वैभव पाइन वृक्षांत आहे. सुमारे 1400 पाइनपैकी 1000 झाडांना माळी हाताने आकार देतात. ‘हाकोमात्सु’ नावाच्या रांगेजवळ थोडे थांबा. समोरून ती छाटून चौकोनी केलेली हिरवी भिंत दिसते, पण बाजूला होऊन आत डोकावले की पिळवटलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या दिसतात आणि या आकारामागे किती पिढ्यांची छाटणी आहे, ते ध्यानात येते. वसंतात नवे कोंब खुडणे आणि थंडीच्या तोंडावर जुन्या सुया उपटणे ही कामे आजही हातानेच चालतात. शिडीवर चढून एकेक फांदी निवडणारा माळी दिसला, तर पाच मिनिटे तिथे उभे राहायला हरकत नाही.

कोरडवाहू

बागेविषयी वर सविस्तर आलेच आहे, म्हणून मी खाण्याकडे वळतो, कारण मूळ प्रश्नातील अवघड भाग तोच आहे.

कागावा प्रांताचे जुने नाव सानुकी, आणि ‘सानुकी उडोन’ म्हणजे गव्हाच्या पिठाच्या जाड शेवया, ही त्याची ओळख. उत्तरेला चुगोकूचे आणि दक्षिणेला शिकोकूचे डोंगर पावसाचे ढग अडवतात, त्यामुळे हा पट्टा जपानच्या मानाने कोरडा आहे आणि इथे शेतीच्या पाण्यासाठी हजारो तलाव बांधावे लागले. त्यांतील मान्नो तलाव 821 साली कुकाई या बौद्ध भिक्षूने दुरुस्त करवून घेतला होता. कुकाई मूळचा सानुकीचाच. त्यानेच चीनहून उडोन आणले, अशी आख्यायिका इथे मोठ्या प्रेमाने सांगितली जाते, पण ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. भातानंतर त्याच शेतात गहू घेण्याची रीत, किनाऱ्यावरची मिठागरे, शोदो बेटावरचा सोया सॉस आणि सेतो समुद्रातील छोटे मासे हे सगळे हाकेच्या अंतरावर असल्यामुळे उडोन इथे रुजले, हे कारण मला अधिक पटते. (आज बहुतेक दुकानांतले पीठ ऑस्ट्रेलियन गव्हाचे असते. ‘सानुकी नो युमे’ हे स्थानिक वाण त्यानंतर मुद्दाम विकसित केले गेले. तशी पाटी दिसली, तर ते दुकान निवडावे.)

आता आईंसाठी महत्त्वाचे. उडोनची जाड शेवई केवळ पीठ, मीठ आणि पाणी यांची असते, तेव्हा ती निर्धोक आहे. अडचण रश्शाची आहे. इथला ‘दाशी’ म्हणजे रस्सा ‘इरिको’ या वाळवलेल्या छोट्या माशांपासून काढतात, त्यामुळे वाडग्यात मासा दिसत नसला तरी तो पदार्थ शाकाहारी नसतो. ‘मांस नको’ असे सांगितल्यावर तुम्हाला विनातक्रार हाच रस्सा मिळेल, कारण सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनातला अर्थ वेगळा असतो. म्हणून आईंसाठी ‘किजोयु उडोन’ मागावे. त्यात शेवयांवर रस्सा नसतो, फक्त सोया सॉस घालतात. तरीही काही ठिकाणी त्या सोया सॉसमध्येच दाशी मिसळलेला असतो. त्यामुळे ‘या सॉसमध्ये दाशी आहे का?’ हा प्रश्न जपानीत लिहून जवळ ठेवावा आणि काउंटरवर दाखवावा. वर किसलेला मुळा, कांद्याची पात, आले आणि तीळ घेता येतात. भाज्यांचा तेम्पुरा बहुधा माशांच्या तेम्पुराच्याच तेलात तळतात आणि त्याच्या पिठात अंडेही असू शकते, त्यामुळे आईंनी तो टाळलेलाच बरा.

दुकानाची पद्धतही सांगून ठेवतो, म्हणजे दारात गोंधळ होणार नाही. स्वयंसेवा दुकानात आधी ताट घ्यायचे आणि शेवयांचे किती गोळे हवेत ते सांगायचे. काही दुकानांत जाळीच्या झाऱ्यात तो गोळा आपणच उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून गरम करायचा असतो. मग वरचे पदार्थ घेऊन पैसे द्यायचे, टाकीची तोटी सोडून रस्सा हवा असल्यास ओतून घ्यायचा आणि जेवून झाल्यावर भांडी स्वतःच परत ठेवायची. नामांकित दुकानांपैकी बरीचशी सकाळी उघडतात आणि शेवया संपल्या की दुपारीच बंद होतात. रोख येन जवळ असू द्यावेत.

वडिलांसाठी कागावातल्याच मारुगामे शहराचा ‘होनेत्सुकिदोरी’ सुचवतो. हाडासह भाजलेली, लसूण आणि मिरे लावलेली ही कोंबडीची तंगडी ताकामात्सुमध्येही सहज मिळते. ‘ओयादोरी’ म्हणजे जुनी कोंबडी, चवीला खमंग पण चांगलीच चिवट, आणि ‘हिनादोरी’ म्हणजे कोवळी. साठीनंतरच्या दातांचा विचार करता हिनादोरी मागवणेच शहाणपणाचे.

उंबरठा

थोडा विरोधी सूर लावतो. दिवस एकच असेल, बरोबर सामान असेल आणि रात्री ओसाकाला पोचायचे असेल, तर कोराकुएनला कमी लेखू नये. इकेदा त्सुनामासा या अधिपतीने 1687 मध्ये काम सुरू करवून 1700 मध्ये ती पूर्ण केली. जपानी बागांत क्वचित आढळणारी विस्तीर्ण हिरवळ, मागे ओकायामाचा काळा किल्ला आणि जवळजवळ सगळी वाट सपाट, हे ज्येष्ठांच्या फार सोयीचे आहे. वडिलांना तिथे ‘बाराझुशी’, म्हणजे मासे आणि भाज्या घातलेला आंबट भात, मिळेल. आईंसाठी ‘किबिदांगो’ ही गोड मिठाई आहे, पण पूर्ण जेवण म्हणून ओकायामातही दाशीचा प्रश्न तसाच राहतो. माझा आक्षेप वेळेपुरता आहे. बाग म्हणून विचाराल, तर रित्सुरिन मलाही अधिक आवडते.

पाऊलवाट

तिघांचेही आभार. सामान ओकायामा स्थानकाच्या लॉकरमध्ये ठेवून सकाळी लवकर ताकामात्सुला जायचे ठरवले आहे. आधी बाग पाहावी की आधी जेवावे? आणि आईला बागेतच काही खाता येईल का?

कोरडवाहू

आधी बाग पाहा. ती सूर्योदयाच्या सुमारास उघडते आणि सूर्यास्ताच्या सुमारास बंद होते, त्यामुळे नोव्हेंबरात संध्याकाळचा भरवसा धरू नये. याला अपवाद शरदातील दिव्यांच्या रोषणाईचा. तेव्हा मॅपल वृक्ष लाल झालेले असतात आणि बाग रात्रीही उघडी ठेवतात. आपल्या तारखा त्यात बसतात का, ते आधी पाहून घ्यावे.

दक्षिण तळ्याच्या काठावर ‘किकुगेत्सुतेई’ हे जुने चहागृह आहे. पादत्राणे काढून तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, बसायचे आणि उघड्या सरकत्या दारांतून तळे पाहत माच्चा चहा घ्यायचा. गुडघ्यांचा त्रास असेल तर कडेला पाय सोडून बसता येईल का, हे विचारून घ्यावे. चहाबरोबर छोटी मिठाई देतात. कागावा आणि शेजारचा तोकुशिमा हे प्रांत ‘वासानबोन’ या अत्यंत बारीक, किंचित पिवळसर साखरेसाठी प्रसिद्ध आहेत आणि या साखरेच्या साच्यात दाबलेल्या वड्या आईंना निःशंकपणे खाता येतील. दुकानांत ‘शोयुमामे’ही मिळते. भाजलेल्या बाकल्याच्या बिया सोया सॉस आणि साखरेत मुरवून ते करतात. पाकिटावरील घटकांच्या यादीत दाशी नसल्याची खात्री करून एक पाकीट घेऊन ठेवा, परतीच्या गाडीत उपयोगी पडेल.

साडेअकराच्या आत बागेबाहेर पडलात, तर दुपारची मोठी रांग लागण्याआधी उडोनच्या दुकानात पोचाल.