गाडीतल्या नव्या स्पीकरचा आवाज फाटतो, पण दोष स्पीकरचाच असेल असे नाही

गाडीत नवे स्पीकर बसवल्यापासून आवाज अर्ध्याच्या पुढे नेला की तो फाटतो, असे आपण लिहिले आहे. माझ्या गाडीतही हेच झाले होते आणि बेळगावात स्पीकर बदलून घेऊनही फरक पडला नव्हता. स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' छापलेले असले, तरी बहुतेक कार स्टिरिओ प्रत्येक चॅनेलला, म्हणजे एकेका स्पीकरच्या जोडणीला, सलग १५ ते २० वॅटच देऊ शकतात, आणि त्यापुढे रेटल्यास ध्वनिलहरींची टोके कापली जाऊन आवाज फाटू लागतो. म्हणून आधी स्टिरिओच्या सेटिंगमध्ये बास (खर्ज) व लाउडनेस (आवाज भरदार करणारी सोय) शून्यावर आणून हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक पातळीखालचा खर्ज अडवणारी सोय, ८० हर्ट्झवर ठेवून पाहावा.

कमी आवाजातही खरखर येत असेल, तर मात्र दाराचे पॅनेल उघडावेच लागेल. माझ्याकडे स्पीकरच्या टर्मिनलमधून (वायर जोडण्याच्या जागेतून) निसटलेली तांब्याची केसाएवढी तार दाराच्या पत्र्याला टेकत होती, त्यामुळे खानापूर रस्त्यावर खड्डा आला की खरखर आणि गाडी थांबली की सारे शांत. ती कापून टेप गुंडाळल्यावर आवाज स्वच्छ झाला. पॅनेल बंद करताना आतला प्लास्टिकचा पडदा नीट चिकटवावा, कारण आपल्याकडच्या पावसात दारात उतरणारे पाणी स्पीकरच्या कागदी कोनाला (आवाज काढणाऱ्या थरथरत्या भागाला) लवकर खराब करते.