मदत हवी आहे: गोगलगायींसाठी फेरिक फॉस्फेट आणि गांडुळं

नमस्कार मंडळी,

गोगलगायी कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करतायत. सकाळी उरतात नुसत्या शिरा आणि पानावरचा चकाकता चिकट माग. घरात कुत्रा आहे, त्यामुळे मेटाल्डिहाइड (गोगलगायी मारायचं एक रासायनिक विष) अजिबात नको. ते पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या आणायचा विचार आहे.

हे लोहाचं संयुग पाण्यात जवळपास विरघळत नाही. गोळी खाल्ल्यावर गोगलगाय खाणं सोडते, दडून बसते आणि काही दिवसांत मरते, त्यामुळे मेलेल्या फारशा दिसत नाहीत. फेरिक फॉस्फेट खाद्यपदार्थांत लोह वाढवायलाही वापरतात, त्यामुळे त्याची मला भीती वाटत नाही.

खरी काळजी ईडीटीएची. नुसतं फेरिक फॉस्फेट फारसं शोषलं जात नाही, म्हणून बऱ्याच गोळ्यांत ईडीटीएसारखा चिलेटिंग पदार्थ (लोहाला धरून ते शोषलं जायला मदत करणारा) घालतात, आणि तोच गांडुळांना बाधत असावा असं मला वाटतं. वाफ्यातली गांडुळं मला गमवायची नाहीत हो!

कुणी सलग एक-दोन हंगाम वापरलंय का? गांडुळं कमी झाली का? आणि मुसळधार पावसात गोळ्या टिकतात, की पुन्हा टाकाव्या लागतात? कृपया स्वतःचा अनुभव सांगा.