थापा कमी, पण लपवालपवी मोठी

"जवळच्यांशीच माणूस जास्त खोटं बोलतो" असं म्हणतात, पण हा मुद्दा मला अर्धाच पटला. बेला डीपॉलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात लोकांना आठवडाभर स्वतःच्या थापांची डायरी ठेवायला लावली होती. कॉलेजच्या पोरांच्या दिवसाला साधारण २ थापा निघाल्या, इतरांची १. पण जितकं बोलणं होतं त्या मानाने, जवळच्या माणसांना मारलेल्या थापा कमीच होत्या. गंभीर खोटं मात्र बहुतेकदा जवळच्यांमध्येच चालतं, असं त्यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं. साहजिकच आहे. परक्याला आपली नोकरी गेली काय नि राहिली काय!

आमच्या मातोश्रींची जेवणानंतरची शुगर २८० आली, तरी फोनवर "सगळं नॉर्मल आहे रे". रिपोर्ट सापडला रव्याच्या डब्यामागे. यात माझी रजा वाचवणं किती आणि आमरस वाचवणं किती, देव जाणे.

नवऱ्याने लपवलेलं कर्ज मात्र मी या रांगेत बसवणार नाही. दारात वसुलीवाले येतात तेव्हा बायकोला पहिल्यांदा कळतं, आणि तोवर तिचे दागिनेही गहाण पडलेले असतात. "तुला टेन्शन नको म्हणून" हे तिथे ऐकवत नाही.